तिच्या नावावर दिलेला नकार

परदेशात मुलांकडे निघालेली माणसं अलीकडे मला विचारायला येतात. राजुरीत आता अशी घरं बरीच झाली आहेत. एक मुलगा बागेत नाहीतर गोठ्यात, दुसरा जर्मनीत. तिकडच्या रात्रीच्या लांबच्या गाडीला सीट घ्यावी की झोपायची जागा, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं असतं, कारण मी त्या गाडीतून गेलेला माणूस आहे. मी प्रत्येकाला एकच सांगतो. झोपून जा. सोबत सासू असो, सून असो, दीर असो, झोपून जा. समोरचा मान डोलावतो आणि बहुतेक वेळा पुढे म्हणतो, "खरंय अप्पा. पण काकूंसारखी माणसं आता राहिली न्हाईत."

काकू म्हणजे माझी पत्नी. आमच्या गावात आणि भावकीत तिची एक गोष्ट सांगतात. परदेशातल्या रेल्वेत झोपायची सोय असूनही ती थोरल्या दिरासमोर आडवी झाली नाही, रात्रभर पदर घेऊन बसून राहिली, आणि त्यातच तिला मरण आलं. जीव गेला पण मर्यादा सोडली नाही. नव्या सुनांना ही गोष्ट ऐकवतात. मी समोर बसलेला असलो की जरा जास्तच रंगवून ऐकवतात.

ही गोष्ट खोटी आहे. ती मी तयार केली. ती कशी तयार झाली हे मला नीट लिहून ठेवायचं आहे.

आम्ही मूळचे घाटघरचे, नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या गावचे. भात, नाचणी आणि पाऊस. वडील लवकर गेले, थोरल्या भावानं, दादांनी मला शिकवलं. मी कालव्यावर नोकरीला लागलो आणि राजुरीत घर केलं. दादा डोंगरातच राहिले. त्यांची पत्नी तरुणपणीच गेली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. माझ्यासाठी मुलगी बघायलाही तेच गेले होते.

आमच्याकडे धाकट्याची बायको थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. त्याच्यासमोर बाजेवर बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. त्यामुळे दादा राजुरीला आले की या दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चाले. दोघं एकाच पडवीत चार हातांवर असायची. ती म्हणायची, "त्यांना म्हणावं, भाकरी गरम हाय." ते म्हणायचे, "तिला म्हण, एक बास." मी घरात नसलो तर मुलाला मधे घेत. मुलगाही नसला तर ती मांजराला सांगायची, "मने, दादांचा चहा निवतोय बघ," आणि दादा मांजराकडे बघून म्हणायचे, "आलो म्हणावं." आम्ही सगळे त्यावर हसायचो. त्यात कोणाला काही जाच होता असं मला कधी वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. जाच मी आणला.

राजुरी हे कालव्याखालचं मोठं गाव. तिथे सुरुवातीला आम्हाला डोंगरातले म्हणत. एकदा दूध घालायला गेलो असताना एकजण सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुमच्याकडं काय राव, पावसाळ्यात माणसं न् गुरं एकाच खोलीत झोपत्यात. कोण कुणाची बायको ते सकाळी कळतं." सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवसापासून मी घरात मर्यादेच्या बाबतीत कडक झालो. गावातल्या लोकांपेक्षाही जास्त. खरं म्हणजे त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. घाटघरला पावसाच्या चार महिन्यांत चुलीच्या उबेला सगळं घर एकाच खोलीत झोपायचं. लग्नानंतरचे पहिले पावसाळे माझी पत्नीही तशीच झोपली, दादा भिंतीकडे तोंड करून पलीकडे. कोणाच्या मनातही काही आलं नाही.

मुलानं आम्हा तिघांना जर्मनीला बोलावलं तेव्हा तिच्या पायाचं दुखणं सुरू झालेलं होतं. डाव्या पोटरीच्या शिरा फुगल्या होत्या. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "लांबच्या प्रवासात पाय लोंबकळत ठेवू नका. जमेल तिथं आडवं व्हा, मधूनमधून चाला." मी हो म्हणालो. मुलाला मात्र हे कळवलं नाही. तो म्हणेल की मग येऊच नका, आणि सगळ्या गावाला सांगून झालेलं होतं.

विमानात तिचा पाय इतका सुजला की डाव्या पायातलं जोडवं बोटात रुतायला लागलं. मुलाच्या घरी पोचल्यावर मी ते साबण लावून काढलं. सवाष्णीच्या पायातलं जोडवं असं काढत नाहीत. ती नको नको म्हणत होती. निघालं तेव्हा बोटावर खोल खाच पडलेली होती. ती त्या बोटाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तुमच्याच हातानं काढलंत. आता कुणाला दोष द्यायचा न्हाई." तिनं ते हसत म्हटलं होतं.

मुलगा हॅम्बुर्गला राहतो. त्यानं आम्हाला बर्फ दाखवायला स्वित्झर्लंडला न्यायचं ठरवलं. जाताना दिवसाच्या गाडीनं टप्प्याटप्प्यानं, येताना रात्रीच्या. संध्याकाळी झुरिकहून निघायचं आणि सकाळी घरी पोचायचं. निघायच्या आधी तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला आणि मला समजावू लागला. बसायची सीट म्हणजे एका खोलीत सहा खुर्च्या, तीन समोर तीन. त्याहून वरच्या दर्जाची झोपायची बाकं. खोलीत चार किंवा सहा, उशी आणि चादर मिळते. त्याच्यावर भारीतला स्लीपर. तो आधीच भरला होता.

"बाकंच घेऊ अप्पा," तो म्हणाला. "चौघांची पूर्ण खोली आपली. दार लावलं की कुणी यायचं नाही. बसून फार अवघड होतं."

त्यानं चित्र दाखवलं. दोन बाकं खाली, दोन वर, मधे गुडघे टेकतील एवढीच जागा. त्या चित्रात मला माझी बायको निजलेली दिसली आणि हाताच्या अंतरावर दादा. आणि दार उघडून फोटो काढणारा मुलगा. कारण तो प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकत होता. विमानातला, भाकरीचा, दादांच्या बुटांचा. तो फोटो राजुरीत दूध घालायच्या रांगेत फिरेल आणि कोणीतरी म्हणेल, डोंगरातली ती डोंगरातलीच. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. मी मुलाला म्हणालो, "थांब, आईला विचारतो."

ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी सांगितलं. ती मागे न बघता म्हणाली, "झोपूनच जाऊ. पाय लई जड झालाय."

"दादा असतील समोर."

"आसू द्या की. बापाच्या जागी हायेत. इतकी वर्सं एका चुलीपाशी निजलो, आता आगीनगाडीत काय व्हतंय?"

मग मी गॅलरीत गेलो. दादा तिथे स्टुलावर बसून खालचे रस्ते बघत होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पोरीला झोपाय मिळू दे. मी काय, भिताडाकडं त्वांड करून पडन. न्हाईतर मला येगळं कुटं बी टाका."

दोघांनी इतकं स्वच्छ सांगितल्यावर मी टेबलापाशी परत आलो आणि मुलाला म्हणालो, "आई नको म्हणते. दादांसमोर तिला अवघडतं. सीटच काढ."

"बायकांसाठी वेगळी खोली पण मिळते."

"भाषा येत नाही तिला. एकटी घाबरेल."

तो आईला विचारायला उठला. मी त्याच्या आधी आत गेलो, आणि तो यायच्या आत तिला दबक्या आवाजात म्हणालो, "दादांना एका खोलीत झोपणं पटत नाही. बसून जाऊ." तिच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली. दादांना नाही पटत म्हटल्यावर तिच्याकडे बोलायला काही उरलं नाही. मुलानं विचारलं, "आई, चालेल ना बसून?" ती म्हणाली, "तुझे अप्पा म्हणतील तसं." मग मी गॅलरीत जाऊन दादांना सांगितलं की ती तयार नाही. त्यांनी फक्त मान हलवली. म्हणाले, "बरं."

एवढंच झालं. दोघांना एकमेकांशी बोलायची रीत असती तर माझं खोटं भाकरी फुगायच्या आत उघडं पडलं असतं.

स्वित्झर्लंडचे दिवस बरे गेले. बर्फ बघून ती लहान मुलीसारखी हसली. दादांनी तिथल्या गायी तपासल्या आणि निकाल दिला, "घंटा मोठी, दूध मोठं, पर माशा आपल्याच." चालताना ती डावा पाय किंचित ओढत होती. चढावर मागे राहायची आणि आम्ही वळून बघितलं की डोंगर बघत असल्यासारखी उभी राहायची. संध्याकाळी मी पोटरीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. पाय गरम होता.

गाडीत आम्हा तिघांच्या सीटा एका खोलीत होत्या आणि मुलाची, एकत्र न मिळाल्यानं, शेजारच्या डब्यात. आमच्या खोलीत आणखी एक म्हातारी परदेशी बाई होती. गाडी निघताच तिनं बूट काढले, सीट पुढे ओढली, समोरच्या रिकाम्या सीटवर पाय पसरले आणि माझ्या पत्नीला खुणेनं म्हणाली, तूही कर. पत्नी पदर तोंडाला लावून हसली. तिच्या समोरच्या सीटवर दादा होते. पाय पसरायचे म्हणजे त्यांच्याकडे करायचे. तिनं पाय आणखी आत घेतले.

अंधार पडेपर्यंत ती मधूनमधून पोटरी दाबत होती. दादांनी ते पाहिलं. ते उठले आणि बाहेरच्या अरुंद वाटेत जाऊन उभे राहिले, खिडकीचा दांडा धरून, खोलीकडे पाठ करून. ते कशासाठी उठले हे मला कळलं. त्यांची सीट रिकामी झाली होती. पण पत्नी त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली आणि तिनं पाय वर घेतले नाहीत. परदेशी बाई कुठल्यातरी स्टेशनवर उतरून गेली. दादा उभेच होते. गाडी वळणावर हलली की त्यांचा खांदा काचेवर आपटायचा. मला झोप लागली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो.

सकाळी हॅम्बुर्गला उतरलो. मुलगा धावत बॅगा घ्यायला आला. ती फलाटावर उभी राहिली आणि म्हणाली, "पाय हलका झाला वं एकदम." तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं वाटत होतं. मीही मनात म्हणालो, निभावलं. आम्ही जिन्याकडे चालू लागलो. थोडं पुढे गेल्यावर तिनं माझी बाही धरली. तिला श्वास घेता येत नव्हता. ती खाली बसली, तिथेच, लोकांच्या पायांत. पदर डोक्यावरून खाली आला आणि तिला तो सावरता आला नाही.

पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. दुपारपर्यंत सगळं संपलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला काही विचारलं. तो माझ्याकडे वळला. "त्या विचारतायत, इतके तास बसून का आणलं? झोपायची जागा का नाही घेतली?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. दादा माझ्या मागे भिंतीला टेकून उभे होते. मी म्हणालो, "तिनं ऐकलंच नाही. दादांसमोर आडवी होणार नाही म्हणाली."

मुलानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. डॉक्टरीणबाईंना कळलं की नाही कोणास ठाऊक. दादांना कळलं. ते भिंतीवरून सरकत खाली बसले.

तिथेच अग्नी दिला. अस्थी आणून कुकडी नदीत सोडल्या. भेटायला आलेल्यांना मी तेच वाक्य सांगितलं, आणि लोकांनी त्याची गोष्ट केली. दादा मात्र राजुरीला यायचे बंद झाले. बोलावलं की पाय दुखतो म्हणायचे, भात काढायचंय म्हणायचे. गेल्या वर्षी भावकीतल्या एका लग्नाला आले. जेवणाच्या पंगतीत आमची एक चुलती नव्या नवरीला सांगत होती, "आमची धाकटी सून अशी व्हती. थोरल्या दिरापुढं मेली, पर निजली न्हाई." दादा समोरच्या ओळीत होते. त्यांनी घास खाली ठेवला, पानावरून उठले आणि मांडवाबाहेर गेले. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला ऊन लागलं असेल. मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की ती गोष्ट सांगितली जाते तेव्हा त्यात दादा कोण असतात. लोक तिचं कौतुक करतात, आणि दादा त्या कौतुकात तिच्या मरणाचं कारण होऊन बसलेले असतात.

तरी दादांकडे जायला मला भात झोडणीपर्यंत वेळ लागला.

घाटघरला पोचलो तेव्हा दादा खळ्यावर एकटेच होते. फळीवर पेंढी आपटत होते. हात पूर्वीसारखा वर जात नव्हता. मला बघून थांबले नाहीत. मी कडेला बसलो आणि म्हणालो, "दादा, ती नको म्हणाली नव्हती."

"कोण?"

"गाडीतलं. झोपायचं. ती हो म्हणाली होती. तुम्ही बापाच्या जागी आहात म्हणाली होती."

त्यांनी आणखी एक पेंढी उचलली, आपटली, झाडली, बाजूला ठेवली. "मंग नको कोन म्हनलं?"

"मी."

"का?"

"लोक हसतील म्हणून."

ते खळ्यातच खाली बसले. हातावरची भाताची कुसं काढत राहिले. मग म्हणाले, "मी हितं बसून ह्योच इचार करतो. म्हंतो, आसं काय माझ्यात दिसलं आसंल त्या पोरीला? मी वाईट नजरंनं कदी बघितलं व्हतं का? मी उटून बाहीर गेलो, तरी पाय पसरंना. म्हनलं, माझ्या बसल्या जागंचा बी इटाळ वाटतोय तिला."

आता आणखी एक गोष्ट सांगावी लागणार होती. ती मी वरही लिहिली नाही. मी दादांना सांगितलं की त्या रात्री मी झोपलेलो नव्हतो. तुम्ही बाहेर उभे होता तेव्हा तिनं मला हळूच हलवलं होतं. "अहो, दादांना बसायला सांगा. म्हातारा माणूस रातभर उबा ऱ्हातोय माझ्यापायी. त्यांना आत बोलवा, मंग मी टेकते." दोनदा म्हणाली. मी डोळे मिटून पडून राहिलो. उठून तुम्हाला बोलावलं असतं तर तुम्ही दोघं बोलला असता, आणि माझं खोटं तिथेच बाहेर आलं असतं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मारतील असं वाटलं. लहानपणी त्यांनी मला एकदाच मारलं होतं. या वेळी त्यांनी हात उचलला नाही. म्हणाले, "पोराला ठावं हाय?"

"नाही."

"आदी त्याला सांग. मंग भावकीत सांग. तवर माझ्या दारात यिऊ नको."

ते पुन्हा पेंढ्यांकडे वळले. मी उठलो.

घाटघरला फोन लागत नाही. उताराच्या वळणावर एका मोठ्या दगडापाशी रेंज येते, गावातली माणसं तिथेच येऊन बोलतात. मी तिथून मुलाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. जसं घडलं तसं सगळं सांगितलं, गाडीतल्या रात्रीसकट. मग त्याचा आवाज आला, अगदी साधा, ऑफिसमधल्या माणसाशी बोलावा तसा.

"दादा कुठे आहेत?"

"वर. खळ्यावर."

"त्यांना घेऊन या. मला त्यांच्याशी बोलायचंय."

मी परत चढ चढलो. दादांनी बजावलेलं लक्षात होतं, म्हणून खळ्याच्या बाहेरच थांबलो आणि म्हणालो, "पोराला सांगितलं. तो तुमच्याशी बोलायचं म्हणतो." त्यांनी धोतराला हात पुसले आणि निघाले. माझ्यापुढे चालत होते, एकदाही मागे न बघता. दगडापाशी मी फोन लावून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि हाताच्या एका खुणेनं मला लांब जायला सांगितलं.

मी वाटेच्या खालच्या अंगाला जाऊन उभा राहिलो. तिथून काही ऐकू येत नव्हतं. दादांची पाठ तेवढी दिसत होती. एकदा त्यांचा खांदा हलला. एकदा ते खाली बसले आणि पुन्हा उठले. बोलणं फार वेळ चाललं. दरीतून वारा वर येत होता आणि अंधार पडायला लागला होता. शेवटी त्यांनी वळून फोन माझ्याकडे धरला. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला अंधारात दिसलं नाही.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"ते माझं न् त्याचं हाय," दादा म्हणाले. "तू जा. येस्टी चुकंल."